डाव्या हातातला पुढचा ब्रेक

त्या दिवशी मी वांग्याच्या प्लॉटात क्रेट भरत होते. बांधावरून आमचे मालक येताना दिसले आणि त्यांच्या पायात चप्पल नव्हती. जवळ येऊन "आक्का गेली" एवढंच म्हणाले आणि वाफ्याच्या कडेला मटकन बसले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, निर्मला. माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. सकाळी चहा घेऊन खुर्चीत पेपर वाचता वाचता त्या गेल्या होत्या. कुणाला हाकसुद्धा मारली नाही... याला आता सहा आठवडे झाले. तरी अजून मला त्या गेल्यासारख्या वाटत नाहीत, जरा पुढं निघून गेल्यात आणि वळणाच्या पलीकडं थांबल्यात असंच वाटतं.

वन्सं बारामतीच्या एका मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या गावी, कन्हेरीला, आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या, तेव्हा सामानात जाड टायरच्या, डोंगरात चालवायच्या दोन सायकली होत्या. "एक माझी, एक तुझी," म्हणाल्या. मी पन्नाशीला टेकलेली. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नव्हता. "गाव काय म्हणंल, वन्सं?" मी विचारलं. त्या हसल्या. "गाव दोन रविवार बघंल. तिसऱ्या रविवारी कंटाळंल." आणि खरंच तसंच झालं. हिवाळ्यात उजाडताना आम्ही माळावर जायचो. खाली उसाच्या तुऱ्यांवर धुकं पसरलेलं असायचं, माळाचं गवत पिवळंधमक, आणि त्या गवतातून जाणारी पायवाट आपोआप खाली वाहत गेल्यासारखी दिसायची. उतारापाशी वन्सं मला थांबवायच्या. "उजव्या हातात पुढचा ब्रेक, डाव्यात मागचा. आधी डावा हळू दाब, चाकाला कळू दे थांबायचंय ते. मग उजवा." शाळेत शिकवावं तसं शिकवायच्या. मग स्वतः उतारावर सोडायच्या आणि त्यांची पांढरी वेणी वाऱ्यावर तरंगत खाली जायची. मी वरून बघत राहायची. मला ते सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पाय घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ पहिल्यासारखी आवळेना. भरलेला तांब्या हातातून निसटायचा. डॉक्टर म्हणाले, एवढंच बळ राहील आता. "आक्का, सायकल बास झाली," आमचे मालक म्हणाले. तीन दिवसांनी मी भाजी निवडत होते, तेव्हा वन्सं माझ्या शेजारी येऊन बसल्या. "सुरेखा, गाडी थांबती ती जास्त करून पुढच्या ब्रेकवर. मग तो धड हातात नको का? पुढचा डावीकडं घेऊ. मागच्याला थोडं बळ पुरतं, तेवढं उजव्यात हाय." नवऱ्याचा शब्द एकीकडं आणि त्यांची ती न मिटणारी मूठ एकीकडं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी भाजीच्या टेंपोत क्रेटच्या मागं सायकल घातली आणि बारामतीला सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली.

दत्ताभाऊ मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "बाई, तारा अदलाबदल करायला अर्धा तास. पण इतक्या वर्षांची सवय हाय तुमची. ऐन वेळेला हात जुनाच चालंल."

"चालू दे," वन्सं म्हणाल्या. "त्याला नवं शिकवीन मी."

मग महिनाभर त्या अंगणात सायकलवर बसायच्या, डोळे मिटून, एक पाय जमिनीला टेकवून. डावा दाबायच्या, सोडायच्या. ओठांत पुटपुटायच्या, "पुढचा... मागचा..." जप चालल्यासारखं. आणि एवढं करूनही पहिल्याच उतारावर एक शेळी आडवी आली आणि त्यांचा हात जुनाच चालला. मागचा समजून त्यांनी डावा करकचून दाबला. पुढचं चाक मुरमात घसरलं आणि त्या गवतात आडव्या झाल्या. मी रडत पळत गेले. गुडघा फुटला होता, कोपर सोललं होतं, आणि त्या उताण्या पडून वर बघत होत्या. "अगं, आडवी हो जरा. किती दिवसांत आभाळ बघितलं न्हाय आपण." मी खरंच त्यांच्या शेजारी आडवी झाले. किती वेळ ते कळलं नाही.

घरी आल्यावर मात्र आमचे मालक माझ्यावरच कडाडले. "मी नको म्हणलेलं म्हाईत हुतं का न्हाय तुला? तिचं काय बरंवाईट झालं असतं म्हंजी?" गुडघ्याला हळद लावता लावता वन्सं म्हणाल्या, "तिला बोलू नगं. हात माझा हाय, सायकल माझी हाय." त्यानंतर ते सायकलीबद्दल बोलेनासे झाले. आम्ही निघालो की तोंड फिरवायचे.

गेल्या माघात आम्ही दोघी सायकलीवरून डाळजला गेलो. ते माझं माहेर. लग्नाला तीस वर्षं झाली. माहेरी एसटीनं गेले, जीपनं गेले, पण स्वतःच्या पायांनी पहिल्यांदाच. पोचलो तेव्हा गावालगतच्या धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले होते. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं, मधे नुसती गुलाबी रेघ. वन्संनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. "डाव्याला आता विचारावं लागत न्हाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याचं त्याला कळतं."

त्या गेल्यावर त्यांची सायकल त्यांच्या खोलीतच होती. मला तिथं जाववत नव्हतं. मागच्या आठवड्यात आमचे मालक स्वतःच ती बाहेर घेऊन आले. मी म्हटलं, "दत्ताभाऊंकडून ब्रेक पहिल्यासारखं करून आणा. तुमाला सवय न्हाय." ते मान खाली घालून सीट पुसत होते. मग म्हणाले, "नगं. आक्कानं केलंय तसंच राहू दे. ती साठीत शिकली, मी पण शिकंन."

काल आम्ही दोघं माळावर गेलो. उतारापाशी ते थांबले, दोन्ही मुठींकडं बघितलं आणि निघाले. मी मागं होते. निम्म्या उतारावर त्यांचा डावा हात हळूहळू आवळत गेलेला मला दिसला. सायकल थांबली. ते पाय टेकवून तसेच उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून, आणि बाहीनं डोळे पुसत राहिले. मी पुढं गेले नाही.