दिनूचं स्थळांचं पान

दीड महिना झाला. बीरगांवच्या माह्या खोलीत डाळ निवडत बसली होती, तं शहरातल्या बूढापाऱ्यातून दिनूच्या घरमालकाचा फोन आला. “दीदी, भैया नहीं रहे.” मी म्हटलं, हव. डाळ झाकली, कुलूप लावलं अन् आटो पकडला.

दिनू माहा लहाना भाऊ. माय गेली तवा चार वर्षाचा होता. माही शाळा दुसरीत सुटली, त्याची मी सुटू देल्ली नाही. राइस मिलमधी पोते शिवले, मग उरला गावच्या कारखान्यात झाडू मारला. हात सुजत. तो शिकला, रेल्वेत बाबू झाला. सोताचं लगन काही केलं नाही, पण दुसऱ्याचे जमवाचा भारी शौक. आपले लोकं भंडारा-नागपूर सोडून कामासाठी इकडे हिंदी मुलखात आले, पण पोरीसाठी स्थळ पाहाले दर खेपी तिकडंच जाव लागे. म्हणून रिटायर झाल्यावर यानं नेटवर एक पान बनवलं. पोराचं नाव, गाव, नोकरी, फोटो. लोकं मोबाइलवर पाहत, मग विचारपूस कराले त्याच्या खोलीवर येत, चहा पेत. “मामा, पोट्टा कसा हाय?” “पोट्टा सोना हाय. माय तिखट हाय, तुह्या पोरीले पाणी पेत राहाव लागन!” खोली हसे.

मग एका कंपनीनं बीरगांवात छत्री लावली. सिम घ्या, नेट फुकट. मले वाटलं, गरीब बायाइले दिनूचं पान आता फुकट दिसन. मीच घरोघर फिरली. “घ्या व बायांनो, माह्या भावाचं पान पाहाले भेटन!” लाइनीत उभं केलं एकेकीले.

पण त्या सिमवर कंपनीनं निवडलेले पानंच उघडत. दिनूचं पान उघडाले गेलं की चकरी फिरे अन् बंद. बायाइले वाटलं, मामानं काम सोडलं. कोणी विचारलं नाही. यायचे बंद झाले.

दिनूले समजलं ते माह्याच फोनवर पान उघडून पाह्यलं तवा; माहंही सिम तेच. “बाई, हे सिम कोणं घ्याले लावलं सगळ्याइले?”

“मीनं.”

त्यानं फोन माह्या हातात परत देल्ला. मग म्हणे, “तू तं मले बाहेरून कडी घातली व.”

मी म्हटलं, “मग सांग ना कंपनीले, माहं पानही टाका म्हणा.”

“माहं टाकतीन. पण तो धमतरीचा मास्तर पोराइसाठी गणितं टाकते, त्याचं काय? उद्या अजून कोणी काही बनवन, तो कोणाच्या पाया पडन? रस्ता सगळ्याइले सारखा पायजे बाई. कोणाच्या घरी जाव, हे रस्तेवाल्यानं काहून सांगाव?”

“दुनियेचं पडलं तुले! तुह्या घरी कुत्रं येऊन नाही राहिलं.”

“नको येऊ दे,” म्हणे.

पुढं सरकारनं असल्या स्कीमा बंद केल्या. पान सगळ्याइच्या फोनवर उघडाले लागलं. पण लोकाइची सवय मोडली होती. तो रोज नवीन नावं टाकतच राहिला, एकटाच. अन् मी... ज्या पायानं घरोघर सिम घ्याले सांगत गेली, त्या पायानं परत जाऊन नाही सांगतलं, का बायांनो, पान चालू हाय, गलती माही होती. लाज वाटे. आज जाईन, उद्या जाईन, करता करता वर्षं गेले.

त्या दिवशी त्याची खोली उघडली. टेबलावर ट्रे होता, त्यात सहा कप पालथे. बोट फिरवून पाह्यलं, एकावरही धूळ नव्हती. एकट्या माणसाले सहा कप कायले लागतेत...

तेरवी झाल्यावर मी निंघाली. पहिल्याच घरी म्हटलं, “फोन दे व.” पोरीनं नाव टाकलं, पान उघडलं. “अरे, ये तो चालू है! मामा से मिलने कब आएं?”

“मामा नाही आता,” मी म्हटलं. “गलती माही होती, त्याची नाही. खोलीचं भाडं मी भरून राहिली. ऐतवारी या, मी असन.”

तीन ऐतवार झाले. अजून कोणी आलं नाही. मी सकाळच्या आटोनं जातो, खिडकी उघडतो अन् सहाही कप धुऊन पालथे घालतो.