खाडीकाठचे अठरा खांब आणि नजीरभाई

मी पाचवीत होते तेव्हा मिठागराचा बांध फुटला आणि खाडीचं पाणी आमच्या घरात आलं. तांदळाचं पिंप, आईची लुगडी, माझी पुस्तकं, सगळं खारट चिखलात बसलं. वडील मिठागरात राबायचे, पायांच्या भेगांत मीठ जाऊन त्यांची पावलं कायम लाल असायची. त्या वर्षी मीठ पिकलंच नाही. दोन्ही वेळा पेज आणि सुकट. वडील म्हणाले होते, "पानी इचारून येत नाय, बाय." पुढे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही संगणकशास्त्राची. हे मी ताठ मानेने सांगते. पण पाणी विचारून येत नसेल तर आपणच त्याला विचारत राहायचं, हे मला कॉलेजने नाही, नजीरभाईंनी शिकवलं. ते गेले, त्याला सहा आठवडे झाले.

नजीरभाई पनवेलचे कोकणी मुसलमान. आखातात बंदरावरची यंत्रं सांभाळण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवून परतलेले. खारघरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात ते सगळ्यांत वयस्कर, मी सगळ्यांत नवी. खाडीकाठच्या अठरा गावांत बांधाला लागून पाण्याची उंची मोजणारे खांब रोवले होते. आमचा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी नेटवर्कवरून एकेका खांबाला पाणी किती म्हणून विचारायचा आणि धोक्याची रेघ ओलांडली की त्या गावातल्या फोनांवर इशारा पाठवायचा. सी भाषेतला तो प्रोग्राम माझा. यादीत पहिलं गाव मी आमचंच ठेवलं होतं... का नाही ठेवायचं?

त्या अमावास्येला उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमाराला होती. पडद्यावर अठराही गावं हिरवी, म्हणून मी निवांत डबा उघडला. बाहेर वारा इतका, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. नजीरभाई माझ्या मागे येऊन कितीतरी वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले.

"उधाणाला पाणी बोटभरही हलत नाही? बाय, हे पाणी नाही, पाण्याचा फोटो आहे."

आमच्या गावच्या खांबाने जोडणी घेतली होती, पण उत्तर दिलं नव्हतं. माझा प्रोग्राम त्याच्याच दाराशी ताटकळला होता. पुढच्या सतरा गावांना कुणी विचारलंच नव्हतं, पडद्यावर तासाभरापूर्वीचे आकडे तसेच होते. यादीतल्या शेवटच्या गावात पाणी केव्हाच शिरलं होतं. एका म्हातारीला शेजाऱ्यांनी छातीभर पाण्यातून खाटेसकट बाहेर काढलं. ती वाचली. संध्याकाळी तिच्या सुनेचा फोन आला. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुमचा फोन येनार व्हता ना?"



दुसऱ्या दिवशी नजीरभाईंनी खुर्ची ओढली. म्हणाले, लग्नाची आमंत्रणं द्यायला निघालीस, पहिल्याच घराला कुलूप, आणि तू ओट्यावर बसून राहिलीस. बाकी गाव लग्नाला मुकलं. मी म्हटलं, मग प्रोग्रामच्या अठरा शाखा करते, प्रत्येक खांबाला एक. "म्हणजे अठरा ओट्यांवर अठरा माणसं बसवणार? त्यांना चहा कोण देणार?" मशीन लहान होतं, तेवढं ओझं त्याला झेपलं नसतं. त्यांचं म्हणणं होतं की माणूस एकच हवा. त्याने सगळ्यांना एकदम साद घालायची, कुणापाशी थांबायचं नाही, ज्याचं उत्तर येईल त्याचं उचलत फिरत राहायचं. मी तसं लिहिलं, तर उत्तरं एकमेकांत मिसळली. या गावचं पाणी त्या गावच्या नावावर. सगळी उत्तरं मी एकाच जागी साठवत होते. ते हसले. "तुझ्या बापाने मिठागरात दुसऱ्याच्या डब्यात भाकर ठेवली होती कधी?" मग प्रत्येक खांबाला वेगळी जागा दिली आणि दहा सेकंदांची मुदत. मुदतीत जो बोलणार नाही, त्याचा जुना आकडा पुसून तिथे लाल अक्षरांत 'उत्तर नाही'. आणि एक नियम त्यांनी स्वतः बसून लिहिला. उधाणाच्या वेळी जो खांब गप्प, त्याच्या गावालाही इशारा जायचाच. "गप्प बसणं हीसुद्धा खबर असते," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचा दम्याचा त्रास वाढत गेला. खाडीच्या पाण्याची उंचीही वाढत होती... प्रत्येक उधाणाला आधीच्यापेक्षा जराशी वर. शेवटचं भेटले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती. भाभी बिनमिठाची खिमट भरवत होत्या आणि ते कुरकुरत होते की मिठागरवालीसमोर तरी अब्रू राखा. मी वाढत्या आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. "बांध आहे तेवढाच आहे," म्हणाले. चार दिवसांनी सकाळी भाभींचा फोन आला.

ते गेल्यावर अकराव्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं. अकरा वाजता एक खांब गप्प झाला. पाच मिनिटांनी तीन. मग पाच, त्यात आमचा. उरलेल्या तेरा खांबांचे आकडे न अडखळता येत राहिले, आणि सगळे चढत होते. पाचही गप्प गावांना इशारा गेला. मी घरी फोन लावला, वडिलांनी उचलला.

"दादा, खांब बोलत नाही."

"बोलत नाय मंजे?"

"म्हणजे निघा."

आमच्या गावात पाणी बारा वाजून वीस मिनिटांनी शिरलं. तेव्हा एकाही घरात माणूस नव्हता.