दादाची तपासनीस

आमच्या दादाला माणसांपेक्षा वाद्यं जास्त कळतात, हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते. तो बँडवाल्यांची क्लॅरिनेटं दुरुस्त करतो. सूर फाटला की हवा कुठून गळते ते शोधायचं, चावीखालची झिजलेली गादी बदलायची आणि वाजवून बघायचं. हे शेवटचं काम त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचं, भिंगरीचं. 'माझी तपासनीस' म्हणून तो गावभर मिरवायचा.

गेल्या वर्षी मात्र त्याने स्वतःसाठी घेतलेलं एक जुनं क्लॅरिनेट चारदा उघडलं. भिंगरी वाजवायला लागली की आधी बरं वाजे, मग डाव्या हाताचे सूर फाटत. दादाने त्या बाजूच्या सगळ्या गाद्या बदलल्या. गळती काही सापडेना. शेवटी तो भडकला.

"बोटं नीट दाब ना! लक्ष कुठे असतं तुझं?"

भिंगरी हमसून हमसून रडली, आणि रडता रडता तिचा डावा हात टेबलावरून घसरून लोंबकळायला लागला. दहा मिनिटांनी पुन्हा ठीक. "नाटकं," असं काहीतरी दादाच्या ओठांवर आलं होतं. मी डोळे वटारले, तेव्हा त्याने ते गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. मोठ्या रक्तवाहिन्या आकसत चालल्या होत्या, भोवती बारीक वाहिन्यांचं धुरासारखं जाळं. आजाराचं नाव मोयामोया. क्वचितच होणारा.

"जोरात फुंकलं किंवा रडलं की श्वास वाढतो, वाहिन्या आणखी आकसतात, रक्त कमी पडतं. असंच चाललं तर हात कायमचा जाईल. डोक्याच्या कातडीतली वाहिनी मेंदूतल्या वाहिनीला जोडू. तोवर फुंकणं बंद. आणि हिला रडवू नका."

"मीच रडवली," दादा म्हणाला. मला त्याची फार दया आली, आणि रागही.

ऑपरेशनपर्यंतचे तीन आठवडे भिंगरीने आमच्यावर राज्य केलं. गणिताची वही काढली की, "आत्या, मला रडू येतंय हं!" वही परत दप्तरात.

ऑपरेशनला सहा महिने झाले. फुंकायला अजून मनाईच आहे. परवा दादा स्टुलावर बसून तेच क्लॅरिनेट फुंकत होता आणि भिंगरी त्याच्या मागे उभी राहून, दोन्ही बाजूंनी हात घालून बोटं चालवत होती. अख्खं गाणं झालं. एकही सूर फाटला नाही. दादाने क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि तो ढसाढसा रडायला लागला.

भिंगरी घाबरली. तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बाबा, रडू नको ना. तुझा हात जाईल."