जयामॅडमचा दुसरा पापड

जयामॅडम प्रत्येक अशिलाला आधी पापड आणि पाणी द्यायच्या. सिंधी घरातली ही रीत त्यांनी उल्हासनगरच्या आपल्या टॅक्सच्या ऑफिसातही चालवली होती, वर स्वतःची भर घालून. हिशेब ठीक असेल तर एक पापड. बातमी वाईट असेल तर तोंड उघडण्याआधी त्या दुसरा पुढे सरकवायच्या. "खा साईं, खाली पेट धक्का सहन नहीं होता." एक पापड की दोन, हे ओळखायला बाहेरच्या बाकावरची मंडळी आतल्या कुरकुरीकडे कान लावून बसायची.

त्या दिवशी मी दोन्ही पापड हावरटासारखे खाल्ले. खुशीत होतो ना! अंबरनाथची आमची बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली होती. माझे सगळे शेअर त्यांच्याकडे गेले. किमतीचा पाव हिस्सा मात्र बँकेत एस्क्रो खात्यात अडकवून ठेवला होता. कंपनीचं जुनं देणं निघालं नाही, तर दीड वर्षाने तो मला मिळणार. आमच्या सोनिवलीत जमीन विकली की मोजणी होईपर्यंत थोडे पैसे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे ठेवतात. ते पैसे घरी आणून देवापुढे ठेवले की आपले, तोवर त्यांचं नावही काढायचं नाही. त्याच अकलेने मी हाती आलेल्या पैशांपुरता टॅक्स बाजूला ठेवला आणि बाकी सगळं बायकोच्या पार्लरसाठी चिखलोलीच्या गाळ्यात घातलं.

"आणि एस्क्रोचा टॅक्स?"

"तो पैसे आल्यावर."

"शेअर कुणाच्या नावावर आहेत आता?"

"त्यांच्या."

"मग विक्री झाली. पूर्ण किमतीवर नफा धरायचा, याच वर्षी. पैसा बँकेत बसला, टॅक्स नाही बसत."

"मॅडम, मी तो पैसा पाहिलासुद्धा नाही!"

"सरकारने पाहिला ना! त्यातलं काही परत गेलं, तर तेव्हा भांडू. आणि बँक व्याज देईल, ते वेगळं उत्पन्न, दर साल दाखवायचं." मग कपाळावर हात मारून म्हणाल्या, "घर तरी घ्यायचंस म्हात्रे, कुछ सूट निकालती. गाळा घेतलास!"

टॅक्सच्या पैशांसाठी गाळ्याचं बुकिंग मोडायला त्या स्वतः आल्या. बिल्डर अर्धी रक्कम कापायला निघाला होता. मॅडमनी पर्समधून डबा काढला आणि त्याच्यापुढे दोन पापड ठेवले. तोही त्यांचाच अशील. पापडांकडे बघूनच त्याचा चेहरा पडला. सगळे पैसे परत आले. टॅक्स भरला. बायको मात्र माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

गेल्या महिन्यात एस्क्रोचे पैसे सुटले, व्याजासकट. पेढे घेऊन मी थेट मॅडमच्या ऑफिसात. त्यांची मुलगी नेहा टेबलाशी बसली होती. तिने पापड-पाणी ठेवलं. थोडं थांबून दुसरा पापड सरकवला.

"बाप रे! व्याजावर एवढा टॅक्स?" मी मोठ्याने हसलो. "बोलव मम्मीला, आज मी भांडणार!"

"व्याज मम्मीने दर साल दाखवलंय, काका," नेहा खाली बघत म्हणाली. "टॅक्सचं काही नाही. मम्मी गेली. सोमवारी."

बाहेर बाकावर कुणीतरी कान लावून बसलं असणार. माझ्याच्याने पापड मोडवेना.