टेडी ब्रुनेलला आम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलं

दोष कुणाचा ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. दोष सदाकाकाचा. माझा सख्खा काका. शारजात सव्वीस वर्षं एसीच्या डक्टचं दुकान, आणि तिथल्या मराठी मंडळाचा सलग अकरा वर्षं अध्यक्ष. निवडणूक होत नाही. दरवर्षी काका भाषणात म्हणतो, "आता तरुणांनी पुढे यायला हवं," आणि बोलताना खुर्चीची पाठ अशी गच्च धरतो, की पुढे येणाऱ्याने बसायचं कुठे हा प्रश्नच उरत नाही.

मी डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला सोडला. का सोडला? आम्हाला लेथ मशीन शिकवणाऱ्या सरांनी आयुष्यात लेथचं बटण दाबलं नव्हतं, म्हणून. हे मी त्यांना वर्गात सांगितलं, मग पुढचं तुम्ही समजून घ्या. घरच्यांनी मला इचलकरंजीहून व्हिजिट व्हिसावर काकाकडे पाठवलं. काका मला नावाने हाक मारत नाही. इंजिनिअर म्हणतो. "इंजिनिअर, दूध तापव." "इंजिनिअर, लिफ्ट बंद आहे, पिठाची पिशवी वर आण."

दोन महिने हे सहन केल्यावर मला दुबईत एका स्टेज-साउंडच्या कंपनीत काम मिळालं. मालक बिजूभाई, मल्याळी माणूस, दिवसाला चाळीस चहा पिणारा. फ्रान्सच्या एका जुन्या रॉक अँड रोल गायकाचा आखाती दौरा त्यांनी घेतला होता. अकरा कार्यक्रम. गायकाचं नाव टेडी ब्रुनेल, वय चौऱ्याहत्तर. कंपनीत त्याचं एकही गाणं कुणाला माहीत नव्हतं. मला सगळी पाठ.

आता विचाराल, इचलकरंजीच्या पोराला फ्रेंच गाणी कशी पाठ? अहो, हॉस्टेलवर बाकीची पोरं जर्नल उतरवत बसायची तेव्हा मी हेच ऐकायचो. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण आवाज असा, की हा माणूस आत्ताच बापाशी भांडून घराबाहेर पडलाय. तेवढं मला पुरत होतं.

बिजूभाई म्हणाले, "तू उसके साथ रहेगा. पानी, चाय, गिटार, घुटने का तेल, सब तू देखेगा. पहिला शो झाला की तुझा दो साल का वर्क व्हिसा. इन्शाल्ला."

माझ्या व्हिजिट व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. पहिला शो गुरुवारी होता. म्हणजे माझं सगळं भवितव्य चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका गुडघ्यावर उभं होतं.

टेडी मात्र माणूस लाख. त्याचं खरं नाव रोजे, उत्तर फ्रान्समधल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी त्याने एका मासिकात अमेरिकन गायकाचा फोटो पाहिला, केसांचा कोंबडा काढला, नाव बदलून टेडी केलं आणि पाव भाजायला नकार दिला. पुढची दहा वर्षं त्याच्या कार्यक्रमात पोरं खुर्च्या मोडायची आणि दुसऱ्या दिवशी शहरातले म्हातारे पत्रकं काढायचे, की हा देश बुडवणार. देश काही बुडला नाही. खुर्च्या मात्र पुष्कळ मोडल्या. नंतर फॅशन बदलली, खुर्च्या मोडणारी पोरं स्वतः खुर्च्यांवर बसायला लागली, आणि टेडीने निरोपाचे दौरे सुरू केले.

हो, दौरे. हा पाचवा. पोस्टरवर लिहिलेलं, 'अखेरचा दौरा'. बिजूभाई म्हणायचे, "इसका पहिला लास्ट टूर मेरी शादी से पहले हुआ. अब मेरी बेटी कॉलेज में है."

हे पोस्टर मी घरी नेलं, हीच माझी चूक. काकाने चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं.

"अखेरचा म्हणजे रिटायर होतोय?"

"नाही हो काका. तसं फक्त लिहायचं असतं."

"लिहायचं असतं म्हणजे? माणूस छापून सांगतोय आणि तू म्हणतोस खोटं? चौऱ्याहत्तर पूर्ण, म्हणजे पंच्याहत्तरावं चालू. निवृत्ती आणि अमृतमहोत्सव एकत्र. इंजिनिअर, याला रविवारी मंडळात आण."

काकाची लेक रिया फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, ही इज अ रॉकस्टार. ही वोन्ट कम."

"का नाही येणार? गेल्या वर्षी दातांचे डॉक्टर आले होते की."

मला वाटलं बिजूभाई नाही म्हणतील. पण त्यांनी दोन मिनिटं विचार केला. टेडीची खरी काळजी त्यांना गुडघ्याची नव्हतीच, बाटलीची होती. "शारजा ना? ड्राय आहे. जसा जाईल तसाच परत येईल. ले जा, हबीबी. दुबईपेक्षा सेफ."

शोच्या आधीच्या रविवारी सकाळी ट्रॅफिक नव्हता. टेडी गाडीत चकचकीत खिळे लावलेलं काळं लेदर जॅकेट घालून बसला, बाहेर बेचाळीस डिग्री. मी त्याला सांगितलं, एक तास, थोडे फोटो, मग नाश्ता. त्याला वाटलं फॅन क्लब आहे. दारात रांगोळी पाहून तो इतका खूश झाला की ती ओलांडायलाच तयार होईना, शेवटी त्याला कडेने भिंतीला चिकटवून आत नेला.

आत काकाने काय केलं होतं ऐका. पाठीमागे बॅनर: 'सेवानिवृत्तीनिमित्त हृद्य सत्कार'. टेबलावर शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, पितळी मुठीची काठी आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ. आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की घड्याळ देतात. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्यालाच घड्याळ का देतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आधी औक्षण. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट, पाच बायका. टेडीने आयुष्यभर स्टेजवर आगी लावल्या होत्या. आग स्वतः त्याला ओवाळायला येण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या केसांना डबाभर स्प्रे होता म्हणून मी पाण्याची बाटली उघडून बाजूला उभा राहिलो. मग शाल. ती जॅकेटच्या खिळ्यांत अशी अडकली की नंतर निघेचना. त्यावर पगडी. समोर काचेच्या ग्लासात मसाला दूध. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून काय ते समजून निमूट प्यायला.

मग भाषणं. टेडीच्या कानाशी बसून मी इंग्रजीत सांगत होतो. पहिले जोगळेकर आजोबा, बँकेतून निवृत्त, मुलाकडे राहायला आलेले. ते वीस मिनिटं बोलले. सकाळी पाचला उठणं, दुधी भोपळ्याचा रस, नातवाला बसथांब्यावर सोडणं. "निवृत्ती म्हणजे शेवट नव्हे, ब्रुनेलसाहेब. पोट साफ असेल तर निवृत्ती ही सुरुवात आहे."

"काय म्हणतो तो?" टेडीने विचारलं.

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू? "तो रोज नातवाला सोडतो?"

"रोज."

"मला दोन नाती आहेत," टेडी म्हणाला. "त्यांची उंची मला माहीत नाही."

मी तेव्हाच त्याला उचलून गाडीत घालायला हवं होतं. पण पुढचा नंबर माझा होता. मानपत्र. काकाने मला जुना कागद दिला होता, एका पोस्टमास्तरच्या निवृत्तीचा, फक्त नाव बदलायचं. तो मी फाडून टाकला आणि आदल्या दिवशी बसून स्वतः लिहिलं. म्हटलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा मंडळाचा माईक एका तरुणाच्या हातात येतोय, या सगळ्या म्हाताऱ्यांना एकदाच सुनावतो. नाव टेडीचं, नेम काकावर. आणि टेडीला कळावं म्हणून एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत.

मी म्हणालो, "तुम्ही पन्नास वर्षं स्टेजवर उभे आहात. मागे उभ्या असलेल्यांना पन्नास वर्षं फक्त तुमची पाठ दिसली. टाळ्या थांबत नाहीत म्हणून माणूस थांबत नाही, आणि माणूस थांबत नाही म्हणून लोक बिचारे टाळ्या वाजवत राहतात. एकदा तरी कुणीतरी सांगायला हवं, की पुरे. घरी जा. तुमच्यावाचून सगळं नीट चालेल."

कागदाची घडी घातली. म्हटलं, लागलं काकाला.

कसलं लागतंय? सगळ्यात आधी टाळी वाजवली ती काकाने, तीही उभं राहून. पाठोपाठ खजिनदार, तो नऊ वर्षं खजिनदार. जोगळेकरांचे डोळे भरून आले. हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याला वाटलं हे शेजारच्यासाठी आहे. काका तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "इंजिनिअर, पहिल्यांदा कामाचं काहीतरी बोललास."

एकाच म्हाताऱ्याने ते स्वतःसाठी ऐकलं.

टेडी मनोगताला उठला. पगडी तिरकी, शाल खांद्याला चिकटलेली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात घड्याळ. मोडक्या इंग्रजीत हळूहळू बोलला. म्हणाला, "मी सोळाव्या वर्षी बापाला सांगितलं, तू थांब, आता मी. पहिल्यांदा निरोप घेतला तेव्हा मला भीती वाटत होती, की लोक म्हणतील ठीक आहे, जा. पण सगळे ओरडले, जाऊ नको. मग मी परत आलो. दुसऱ्यांदा घेतला, पुन्हा ओरडले. दर वेळी मी वाट बघायचो, की कुणीतरी खरं बोलेल. मॅनेजर बोलला नाही. बायको बोलली असती, पण ती तोवर गेली होती." मग माझ्याकडे काठी रोखली. "आज हा पोरगा बोलला. आणि तुम्ही लोकांनी मला घड्याळ दिलं."

मी खाली बसल्या बसल्या हातांनी नाही नाही करत होतो. त्याला वाटलं मी विनम्र आहे.

काठी काखेत मारून त्याने टेबलावरचा नारळ जोगळेकरांच्या हातात दिला, आठवड्याभरात शिकलेला एकुलता एक अरबी शब्द माईकवर म्हणाला, "खलास," आणि वाकून नमस्कार केला. लोकांनी पाच मिनिटं टाळ्या वाजवल्या. पण 'जाऊ नको' असं कुणीसुद्धा म्हणालं नाही. आपल्याकडे घड्याळ दिल्यावर तसं म्हणायची पद्धत नाही.

मी स्टेजवर धावलो. "टेडी, ते तुझ्यासाठी नव्हतं. ते काकासाठी होतं. तू गा. मरेपर्यंत गा."

त्याने माझ्या गालावर थोपटलं. "तू लाजतोस," म्हणाला. "खरं बोलणारी पोरं नंतर लाजतात. मीही लाजायचो." आणि शालीतून सुटेना म्हणून जॅकेटच उतरवून, शालीसकट, माझ्या अंगावर घातलं. मग उपमा खाल्ला, दोनदा मागून घेतला, आणि सोमवारच्या सकाळच्या विमानाने नातींची उंची मोजायला गेला. काठी सोबत नेली. गुडघ्याला बरी पडत होती म्हणे.

विमान उडाल्यावर बिजूभाईंचा फोन आला. आधी चहाचा घोट ऐकू आला.

"तुम ने उसको क्या किया?"

"सत्कार."

"वो क्या होता है?"

मी समजावून सांगितलं. शाल, नारळ, दिवे, मानपत्र, घड्याळ. ते सगळं शांतपणे ऐकून घेत होते, तसा शहाणा माणूस. शेवटी म्हणाले, "चालीस साल में उसका दारू नहीं कर सका, बीवी नहीं कर सकी, फ्रान्स का बुड्ढा लोग नहीं कर सका. तुम ने एक घंटे में कर दिया. दूध पिला के." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी काकाला सांगितलं, की दौरा रद्द झाला आणि माझी नोकरी गेली. काका पेपर वाचत होता. म्हणाला, "थांबावं कधी हे ज्याला कळतं तो मोठा माणूस." मग पान उलटलं. "पुढच्या वर्षी मानपत्र तूच लिही. मी अध्यक्ष आहे तोवर ते काम तुझं."

रिया म्हणाली, "डॅड, ही वॉज टॉकिंग अबाउट यू."

"कोण?" काका म्हणाला. "टेडी?"

गेल्या आठवड्यात टेडीचा फोटो आला. स्वयंपाकघराची भिंत, त्यावर आमचं घड्याळ, खाली दोन पोरी आणि भिंतीवर पेन्सिलच्या रेघा. खाली विचारलंय, सेल कुठला लागतो.

मी हे काकाच्या दुकानात, डक्टच्या पत्र्यांच्या थप्पीवर बसून लिहितोय. वर्क व्हिसा झाला. दोन वर्षांचा आहे, प्रायोजक सदाकाका.