बांड्या पोपटाचं तोरण

अन्याय माझ्या आत्यावर झाला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला झाला, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या शुक्रवारी, दिवेलागणीच्या वेळी, कर्वेनगरातल्या आमच्या स्वतःच्या हॉलमध्ये. करणारे कोणी परके नव्हते. माझी वहिनी होती, माझी आई होती आणि पन्हं पीत बसलेल्या सोसायटीतल्या बायका होत्या.

मी पत्रकं लिहायला शिकले ती टेकडी वाचवणाऱ्या मंडळींमध्ये. तिथला नियम सोपा होता. अन्याय कोणावर झाला आणि कधी, ते आधी सांगायचं. वाचणाऱ्याने काय करायचं, ते शेवटी सांगायचं. मध्ये रडायचं नाही. तोच नियम इथे पाळते आहे. विषय तोरणाचा आहे म्हणून हसू नका.

चैत्रगौरीपुढे आरास मांडतात, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. गौर झोपाळ्यावर, खाली पायऱ्या, पायऱ्यांवर घरातलं जे जे कौतुकाचं असेल ते. माझ्या लहानपणी आमच्या पायऱ्यांवर लाकडी ठकी, पितळी हत्ती आणि कलिंगडाचं कमळ असायचं. मग नव्वदनंतरचं जग आलं. सोसायटीतल्या घराघरातला एकेक जण ऑनसाइट जायला लागला आणि आराशीत आयफेल टॉवर दिसायला लागला. हॉलंडचे लाकडी बूट, स्वित्झर्लंडची गायीच्या गळ्यातली घंटा, लंडनची लाल बस. कोणाचा मुलगा कुठे पोचला, ते गौरीच्या पायऱ्यांवरून कळायचं. बायका डाळ खाता खाता सगळं वाचून घेत.

त्या वर्षी माझा दादा प्रागहून आला होता. त्याने काचेचा पक्षी आणला होता, निळा, मान वळवून बसलेला. सुंदर होता, ते नाकारत नाही. वहिनीने तो सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी त्याच्यासोबत आलेलं कार्डही उभं केलं.

गौरीच्या मागच्या भिंतीवर आत्याचं तोरण होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते. लग्न केलं नाही. त्यावर तिला काही म्हणायचं नाही, तेव्हा इतरांनीही म्हणायचं कारण नाही. पोस्टात नोकरी केली आणि उरलेल्या वेळात मणी ओवले. काचेचे बारीक मणी, सुई आणि दोरा. पांढऱ्या जमिनीवर हिरवे पोपट, लाल चोची, खाली झालर. हे तोरण तिने किती वर्षं केलं ते तिलाही सांगता येत नाही, कारण मध्येच हिरवे मणी संपले. रविवार पेठेत ज्या दुकानातून ती आणायची तिथे आता प्लॅस्टिकचे होते. दुकानदार म्हणाला, काच कोणी मागत नाही ताई, हे हलकं पडतं. आत्या म्हणाली, हलकं आहेच. आणि परत आली. त्यामुळे शेवटच्या पोपटाला शेपूट नव्हतं. त्या वर्षी मीच हट्ट धरून ते तोरण तसंच लावायला लावलं होतं.

तर एका बाईंनी विचारलं, "हे तोरण कुठून आणलंत हो?"

वहिनी म्हणाली, "ते जुनं आहे हो. असंच, घरचं. हे बघा ना, हे प्रागचं. ऑथेंटिक आहे, हातानं केलेलं."

सगळ्या पक्ष्याकडे वळल्या. कार्ड हातोहात फिरलं. मग कोणीतरी परत वर पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हा शेवटचा पोपट बांडाच आहे की." हशा झाला. आई बायकांच्या ओट्या भरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. आत्या पन्ह्याचा जग घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "अजून घ्या ना पन्हं," आणि त्या बाईंचा पेला काठोकाठ भरला.

घरचं. लोणच्याला म्हटलं तर ते कौतुक असतं. तोरणाला म्हटलं की त्याचा अर्थ होतो, विचारू नका, सांगण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने तोरण उतरवलं, पंचात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. मी तणतणले. ती म्हणाली, "बांडं आहे ते. त्यांनी काय खोटं सांगितलं? पुढच्या वर्षी लावू नकोस." मी वहिनीशी भांडले. वहिनी खरोखर गोंधळली. तिचं म्हणणं, आत्या काय पाहुणी आहे का, तिची ओळख करून द्यायला? आणि हे ती दुष्टपणाने म्हणाली नव्हती, हेच मला जास्त लागलं. आमच्या घरात आत्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलंच नाही. मला आणि दादाला ती आत्या, आईला वन्सं, बाबांना ताई. नाव रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या पासबुकात.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, माझ्या कंपनीने मला काही आठवड्यांसाठी पाठवलं. तेही प्रागलाच. पुण्यातल्या अर्ध्या प्रोग्रामर लोकांची तेव्हा हीच चार-पाच गावं असायची. निघताना घरच्यांनी सांगितलेल्या वस्तू नेहमीच्याच होत्या. आत्याने काहीच सांगितलं नाही. फक्त विमानतळावर निघायच्या आधी तिने माझ्या हातात मांजरपाटाचा एक तुकडा दिला. त्यावर हिरवे मणी टाचलेले होते. "दिसले तर," म्हणाली. "नाही दिसले तर मुद्दाम हिंडू नकोस."

तिथे शनिवार म्हणजे खरेदीचा वार. आमची पुण्याची अख्खी टीम जुन्या चौकातल्या दुकानांवर तुटून पडायची आणि प्रत्येकाला 'ऑथेंटिक'च हवं असायचं. माझ्याबरोबर नागपूरचा एक सहकारी होता. मी दुकानामागून दुकान बघत होते आणि हात हलवत परत येत होते, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "काहून एवढा विचार करून राहिली तू? मॅग्नेट घे डझनभर, विषय संपला." त्याने स्वतः एक लाकडी बाहुली घेतली, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. ती बाहुली रशियाची, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे ना. आपल्या प्रोजेक्टसारखी आहे. कंपनीच्या पोटात कंपनी, तिच्या पोटात कंपनी, आणि सगळ्यात आतमध्ये आपण दोघं."

मी हसले आणि मग हसू थांबलं. आम्ही लिहिलेला प्रोग्राम तिथल्या एका मोठ्या कंपनीच्या नावाने चालणार होता. कोणी विचारलं असतं की हे कुठून आणलं, तर त्यांच्यातलाही कोणीतरी म्हणाला असता, ते असंच, आतलं. त्याबद्दल मला पगार मिळत होता, म्हणून मी तक्रार करत नाही. पण कळलं.

दादाचा तो निळा पक्षी मला चौथ्या-पाचव्या दुकानात सापडला. एक नाही, फळीभर होते. सगळ्यांच्या माना त्याच बाजूला वळलेल्या. शेजारी तेच कार्ड. मी ते पहिल्यांदाच नीट वाचलं. 'हातानं केलेलं' असं चार भाषांत लिहिलं होतं. कोणाच्या हातानं, ते एकाही भाषेत नव्हतं. मी दुकानातल्या मुलीला विचारलं, हा कोणी केला? तिने कार्ड उलटून कंपनीचं नाव दाखवलं. मी म्हटलं, कंपनीला हात नसतात. ती कंटाळल्यासारखी हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिचीही चूक नाही. तिला कोणी सांगितलंच नसणार.

काचेचे मणी कुठे होतात, असं मी ऑफिसातल्या तिथल्या लोकांना विचारत सुटले. उत्तरेकडे डोंगरात एक गाव आहे, असं कळलं. पुढच्या शनिवारी एकटी गाडीत बसले आणि गेले. मुद्दाम हिंडू नकोस, असं आत्याने सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ काय असतो ते पुण्यात वाढलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही.

गाव थंड होतं आणि अर्धं बंद होतं. बऱ्याच कारखान्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. प्लॅस्टिक तिकडेही पोचलं होतं. एका चालू शेडच्या दारात पाटी होती आणि आत जाड एप्रन घातलेली, आईच्या वयाची एक बाई मणी चाळत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. मी मांजरपाटाचा तुकडा पुढे केला. तिने तो खिडकीशी नेला, उजेडात धरला, नखाने एक मणी फिरवून पाहिला. मग आत जाऊन एकामागून एक हिरवे मणी घेऊन आली आणि तुकड्याशेजारी ठेवून बघत बसली. पहिला नको म्हणाली, दुसराही नको. मला तर सगळे सारखेच दिसत होते.

जुळणारा सापडल्यावर तिने खुणेने विचारलं, याचं काय करणार? माझ्या कॅमेऱ्यात तोरणाचा फोटो होता. मी त्या छोट्या पडद्यावर तो मोठा करून दाखवला. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि पडदा नाकाशी नेला. पोपट एकेक करत बघत गेली. शेवटच्या पोपटावर आली तेव्हा तिने मणी बघितले, पोपट बघितला, माझ्याकडे बघितलं आणि खदखदून हसली. कळलं होतं तिला. मी एवढ्या लांबून एका पोपटाचं शेपूट न्यायला आले होते. हसणं ओसरल्यावर तिने फोटोवर बोट ठेवलं आणि हात दोन्ही बाजूंना पसरून प्रश्न केला. कोण?

आमच्या घरात इतकी वर्षं ज्यांनी त्या हाताचं खाल्लं त्यांच्यापैकी कोणाला हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मी आत्याचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. तिने ते म्हणून पाहिलं, चुकलं, परत म्हणून पाहिलं. मग मी तिच्याकडे बोट केलं. तिने मणी भरलेली कागदी पिशवी उचलली, त्यावर छापलेल्या कारखान्याच्या नावावर टिचकी मारली आणि मान हलवली, ही मी नाही. छातीवर हात ठेवून स्वतःचं नाव सांगितलं. मणी ती जन्मभर करत आली होती आणि त्यांचं पुढे काय होतं ते बहुधा तिला कधीच दिसलं नसावं. मी निघाले तरी ती कॅमेरा सोडायला तयार नव्हती.

पुण्यात आल्यावर पिशवी आत्याला दिली. तिने मणी ताटलीत ओतले, ओल्या बोटाने एक उचलला, सुईवर घेतला. म्हणाली, "रंग तोच आहे. भोक जरा मोठं आहे." पुण्यात याला आनंद म्हणतात. मग मी तिला सगळं सांगितलं, त्या बाईने विचारलेलं सुद्धा. आत्या बराच वेळ मणी सारखे करत राहिली.

"माझं नाव म्हणाली?"

"दोनदा. चुकीचं."

"आणि तिचं काय?"

मी सांगितलं. आत्याला ते म्हणता येईना. तेव्हापासून ती 'हिरव्या मण्यांची बाई' झाली, आणि आत्या तिच्याबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलते. भोक मोठं ठेवलं आहे तिने, दोरा दुहेरी घ्यावा लागेल, वगैरे.

पोपटाला शेपूट आलं. पण तोरण पेटीतच गेलं. पुढचा चैत्र आला तेव्हा मी एक कार्ड तयार केलं, त्या निळ्या पक्ष्याच्या कार्डाएवढंच, त्यावर आत्याचं नाव. वहिनी म्हणाली, प्रदर्शनात विकायला ठेवल्यासारखं दिसतंय. आत्या म्हणाली, गौरीपुढे माझ्या नावाची पाटी नको, आणि लावायचं असेल तर मी त्या दिवशी मैत्रिणीकडे येरवड्याला जाते. मी चिडून कार्ड फाडलं. तोरण कोणी लावलं ते मला माहीत नाही. ऑफिसातून आले तेव्हा ते भिंतीवर होतं आणि आई स्टुलावरून उतरत होती.

संध्याकाळी बायका आल्या. आत्या येरवड्याला गेली नव्हती; जग घेऊन उभी होती. कोणीतरी विचारलंच, हे कुठून आणलं. वहिनीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, मिटलं. आईच्या हातात ओटीचे हरभरे होते. ते तिने परत पातेल्यात टाकले.

"आमच्या वन्संनी केलंय," आई म्हणाली.

"वन्सं म्हणजे?"

आणि आईने आत्याचं नाव घेतलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. नाव, आडनाव. त्या बाई उठल्या, आत्याच्या समोर गेल्या आणि विचारलं की चोचीचा लाल मणी वळवलाय कसा. आत्याने जग माझ्या हातात दिला आणि तोरणाजवळ जाऊन बोटाने दाखवायला लागली. डाळ संपली तरी ती तिथेच होती. परवा तिने नवं तोरण सुरू केलं. या वेळी मोर आहेत, आणि निळा मणी कुठे मिळेल याची तिला चिंता आहे.

तिचं नाव मी इथे छापलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, कागदावर नको, तोरण बघायला येईल त्याला सांग.

आता तुमचं. परदेशात जाऊन अस्सल काहीतरी शोधत असाल तर दुकानात एवढंच विचारा, हे कोणी केलं. उत्तर आलं नाही तर वस्तू खाली ठेवा. पण ते नंतर. आधी उठा आणि स्वतःच्या शोकेसपाशी जा. त्यात, किंवा त्याच्यामागे, किंवा माळ्यावर पंचात गुंडाळलेलं, घरातल्या कोणीतरी हाताने केलेलं काहीतरी आहे. ते बाहेर काढा, दर्शनी लावा, आणि पुढच्या पाहुण्याने विचारलं की 'असंच, घरचं' म्हणू नका. करणारीला समोर बोलवा आणि तिचं नाव सांगा. पूर्ण सांगा.