उजेड न दिसणारी पक्कड

पक्कड मिटायची, दुकानातल्या ट्यूबलाइटकडे धरायची, एक डोळा बंद करायचा आणि तिच्या दोन जबड्यांच्या फटीतून बघायचं. मग मान हलवायची.

"उजेड दिसतो गो पोरी. ही नाय चालायची."

शहापूरच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून गल्ल्यावर मी बसते. बाईमाणूस बघून नवं गिऱ्हाईक आधी "शेठ कुठायत?" विचारतं, आणि मी हवा तो नळाचा तुकडा न चुकता पुढे ठेवला की गप्प होतं. तुम्ही कधी काउंटरच्या आत बसला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, माणूस वस्तू कशी हातात धरतो त्यावरून तो बराचसा कळतो. मला हे फार चांगलं जमतं असा माझा समज होता. पकडीतून उजेड बघणाऱ्या या एका म्हाताऱ्याने तो असा मोडला, की आजही आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मी त्यांना बाबा म्हणायची. ते कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचे रूळ सांभाळणारे गँगमन होते. निवृत्त होऊन शेणव्याच्या पुढे आपल्या गावी आले आणि नदीवर गळ टाकून बसायला लागले. डोक्यावर खाकी टोपी, तिच्या काठाला टोचलेले चार-पाच गळ, पायात नोकरीतले कॅनव्हासचे बूट. माशाच्या तोंडातून गळ काढायला त्यांना पक्कड हवी होती.

"स्वस्तातली दे. पण खोटी नको."

तोवर ते घरातली सांडशी वापरत. त्याच सांडशीने त्यांची बायको, म्हणजे आजी, चहाचं पातेलं उतरवायच्या. एकदा व्याही आले असताना चहाला मरळ माशाचा वास आला, आणि आजींनी सांगून टाकलं, की घरात एकतर सांडशी राहील नाहीतर तुमचा गळ. हे सांगताना बाबा स्वतःच इतके हसले, की टोपीतला एक गळ आमच्या काउंटरवर पडला.

त्यांच्या अटी ऐका. चोच लांब आणि बारीक हवी, कारण मरळ गळ गिळते, ओठात धरून बसत नाही. मध्ये स्प्रिंग हवी, म्हणजे पक्कड आपली आपण उघडेल. पाण्यात गंजायला नको. आणि किंमत एका बऱ्यापैकी मरळीपेक्षा जास्त नको, कारण "माशापरास हत्यार महाग झालं, तर मग बाजारातून मासाच आणीन ना." या सगळ्यावर शेवटची परीक्षा उजेडाची. चोच मिटल्यावर फटीतून उजेड दिसला की पक्कड बाद.

दर शनिवारी ते यायचे. स्वस्तातल्या पकडी कुठल्या एवढ्या घट्ट मिटणार? वायरमनची बघितली, सोनाराची बघितली, सायकलवाल्याची बघितली. सगळ्यांतून उजेड. सासरे आतून विचारायचे, "कोण आलंय?" मी म्हणायची, "उजेडवाले." आम्ही दोघं हसायचो. त्यांच्या समोरही एकदा म्हणाले मी, "बाबा, तुम्हाला पक्कड हवी आहे की दुर्बीण?" ते नुसते हसले.

एका शनिवारी त्यांनी पिशवीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या बिलबुकावर ठेवलं. गोणपाट हललं. आत हातभर मरळ होती, जिवंत, तोंडातून गळाचा तंगूस, तो नायलॉनचा दोरा, लोंबत असलेली. स्क्रू घ्यायला आलेली एक मास्तरीणबाई किंचाळून थेट रस्त्यावर गेली.

"घाबरतेस काय? मरळ लवकर मरत नाय. आण सगळ्या पकडी, आता खरी परीक्षा घेतो."

आणि त्यांनी घेतली. एकेक पक्कड त्या माशाच्या घशात घालायचे, डोळे बारीक करून आत बघायचे, बाहेर काढायचे. सहाव्या पकडीने गळ निघाला. लाल मुठीची होती, चोचीचं टोक जरासं वाकलेलं, कुठल्याशा जुन्या मालात राहून गेलेली. त्यांनी ती पुसली, मिटली, ट्यूबकडे धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"नाय दिसत," ते म्हणाले. एवढा आनंद मी नवीन घराची कडी नेणाऱ्यांच्या तोंडावरही पाहिलेला नाही. बिलबुक मात्र फेकून द्यावं लागलं.

पुढे पाच-सहा महिने ते आले नाहीत. मी म्हटलं, म्हातारा खूश आहे.

मग एका सकाळी आले. पकडीची स्प्रिंग ढिली झाली होती. मी तेलाची बाटली घ्यायला वळले, परत फिरले, आणि त्यांचा डावा हात काउंटरवर टेकलेला दिसला. अंगठ्याखालच्या मांसात गळ रुतलेला होता. पूर्ण. बाहेर नुसतं डोकं आणि बोटभर तंगूस. भोवती रक्त वाळून काळं झालं होतं आणि अंगठा सुजून तुकतुकीत दिसत होता.

"बाबा, हात." मी म्हणाले.

त्यांनी हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं बघितलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अगो, हा हितं हाय होय? परवापासून शोधतोय याला. म्हातारीला सगळं घर झाडाय लावलं."

मी खुर्चीत बसलेच. ते गळ सापडला म्हणून हसत होते. "दुखत नाही?" मी विचारलं.

"नाय बा. घट्टे पडलेत. आमचा गँगमनचा हात हाय, घण मारून मारून असाच होतो. काढ तूच, पक्कड हायेच."

मी त्यांचं बोट धरलं आणि जोरात चिमटा काढला. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी काय करतेय ते न कळल्यासारखे. दुसऱ्या हाताला काढला, तेच. किती दिवसांपासून असं आहे, विचारलं, तर म्हणाले, वर्ष झालं असेल, जास्तही असेल.

"हाताला कळतच नाय गो, पक्कड मिटली का नाय, मासा धरला का नाय. म्हणून तर डोळ्यांनी बघून घेतो. उजेड नाय दिसला म्हंजे धरलं पक्कं."

माझ्या डोक्यात काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. इतके शनिवार हा माणूस माझ्यासमोर उभा राहून आपला हात मेलाय हेच दाखवत होता, आणि मी आत ओरडून सांगत होते, उजेडवाले आलेत. मला माझी इतकी शरम कधीच वाटली नव्हती, आजही ती गेलेली नाही.

शटर अर्धं ओढलं आणि त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. वाटेत ते मागून सांगत होते, डॉक्टरचा टाइम कशाला घेतेस, एका मिनिटाचं काम. डॉक्टरांनी गळाचा उलटा काटा दुसऱ्या बाजूने बाहेर काढला, कापला आणि गळ सोडवला. बधिर करायचं इंजेक्शन द्यावं लागलं नाही. बाबा तोंड पुढे करून सगळं बघत होते. "पक्कड चांगली हाय तुमची," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण उजेड दिसल."

डॉक्टर हसले नाहीत. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन त्यांनी साखर बघितली, मशीन पुसून पुन्हा बघितली. मग म्हणाले, "साखर फार वाढलीय, हात त्यानेच बधिर झालाय. बाबा, बूट काढा."

"पायाला काय झालंय? पाय बरा हाय. जरा दुखत नाय."

उजवा बूट निघेना. मोजा आत चिकटला होता. परिचारिकेने कात्रीने बूट कापला आणि खोलीभर वास पसरला. तळव्याला बाभळीचा काटा मोडून बसला होता, आणि त्याच्यापासून बोटांपर्यंत सगळं काळं पडलं होतं. बाबांनी खाली वाकून आपला पाय बघितला. मग मला विचारलं, "हे कवा झालं गो?"

हे त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला, पण विष आधीच वर गेलं होतं. बारा दिवसांनी ते गेले. मला कळलं तेव्हा मी खिळे तोलत होते. किती तोलले ते विसरले आणि गिऱ्हाइकाला तसेच देऊन टाकले. तेव्हापासून दुकानात कुणी हात टेकला की मी आधी हात बघते. कडक झालेल्या हाताचा कुणी अभिमान सांगितला की चिमटा काढते. लोक मला वेडी म्हणत असतील. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्यांचे बूट एकदा काढून बघा, एवढंच सांगते.

दिवाळीनंतर आजी दुकानात आल्या. मागच्या दाराला कडी हवी होती. कडी पिशवीत ठेवताना त्यांनी आतून लाल मुठीची पक्कड काढली.

"हिला जरा तेल सोड. उघडत नाय."

मी तेल सोडलं, दोन-चारदा उघडझाप केली आणि मला कळायच्या आत माझा हात ट्यूबकडे गेला. एक डोळा मिटून मी बघितलं. उजेड दिसत नव्हता.

"आता नदीवर तुम्ही जाता?" मी विचारलं.

"मी कशाला जातेय? चहाचं पातेलं उतरवाय घेते."

"सांडशी मोडली का?"

"सांडशी हाय की चांगली."

मी पक्कड पुसून त्यांच्या हातात दिली. विचारावं की नाही कळेना, तरी विचारलं, "मग चहाला वास नाही येत?"

"येतो ना," आजी म्हणाल्या. "लय पुसू नको."